सामाईक दप्तराच्या किल्ल्या

एकत्र कुटुंबात कोठीची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, हा प्रश्न वरवर लहान. परंतु घराची सारी घडी त्यावर अवलंबून असे. अनेक माणसे एकाच संगणकावर काम करू लागली तेव्हा हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. यंत्र एक, साठवणही एक. मग एकाचे कागद दुसऱ्याने पाहावेत काय, आणि पाहिले तर त्यांत फेरफार करावा काय?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६१ साली ‘सीटीएसएस’ या नावाची सामाईक वापराची प्रणाली प्रथम चालवून दाखविण्यात आली. पुढे त्याच दशकात तेथे एक व्यवस्थापक सर्वांच्या सांकेतिक शब्दांची यादी दुरुस्त करीत होता, तर दुसरा त्याच वेळी रोजची सूचना लिहीत होता. प्रणालीच्या रचनेतील दोषामुळे दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि जो कोणी कामास येई, त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे सांकेतिक शब्द छापले जाऊ लागले! सामाईक यंत्रावर एकाची गोष्ट दुसऱ्यापुढे जाण्यास किती थोडे कारण पुरते, हे यावरून दिसून येते.

पुढे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची प्रभृतींनी १९६९ पासून घडविलेल्या ‘युनिक्स’ प्रणालीत या राखणीची एक सुटसुटीत पद्धत रूढ झाली. आजची ‘लिनक्स’ प्रणालीही तीच पाळते. प्रत्येक फाइलीस एक धनी असतो आणि एक गट नेमलेला असतो. उरलेले सारे ‘इतर’. या तिघांना वाचणे, लिहिणे व चालविणे असे तीन अधिकार वेगवेगळे देता येतात. वाचण्यास ४, लिहिण्यास २ व चालविण्यास १ असे अंक धरून त्यांची बेरीज मांडतात. ६४० याचा अर्थ असा की, धन्याने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे आणि इतरांना काहीच अधिकार नसावा.

एखाद्या महाविद्यालयाचे उदाहरण घ्यावे. गुणपत्रकाची फाइल परीक्षाप्रमुखाच्या मालकीची, तिचा गट ‘परीक्षक’ आणि अंक ६४०. परीक्षक गुण पाहू शकतात, पण बदलू शकत नाहीत; विद्यार्थ्यास फाइल उघडताच येत नाही. नवा परीक्षक आला की गटाच्या यादीत त्याचे नाव घालावे, एवढेच पुरते. शेकडो फाइलींपैकी एकीलाही हात लावावा लागत नाही. अधिकार व्यक्तीला नव्हे, तिच्या कामाला दिलेला असतो, हेच या योजनेचे मर्म होय. एकाच माणसाला अनेक कामे असतात, हे ओळखून बर्कली विद्यापीठातून १९८३ साली निघालेल्या युनिक्सच्या आवृत्तीत एका व्यक्तीस एकाच वेळी अनेक गटांत राहण्याची सोय झाली.

या पद्धतीत काही गोष्टी मात्र अनपेक्षित आहेत. प्रणाली तिन्ही वर्गांचे अधिकार एकत्र करून पाहत नाही. मागणारा धनी असल्यास धन्याचा नियम, नसल्यास व गटात असल्यास गटाचा नियम, आणि दोन्ही नसल्यास इतरांचा, असा एकच नियम लागतो. त्यामुळे गटाला मनाई व इतरांना मुभा असेल, तर गटातील मनुष्यच बाहेर राहतो. दुसरे असे की, फाइल पुसून टाकण्याचा अधिकार सामान्यतः फाइलीवर नसून ती ज्या कप्प्यात आहे त्या कप्प्यावर असतो. कारण पुसणे म्हणजे कप्प्याच्या यादीतून नाव काढणे. गुणपत्रक बदलण्यास मनाई केली, पण कप्पा सर्वांना लिहिण्यास खुला ठेवला, तर राखण अर्धीच राहिली. शिवाय ‘रूट’ या नावाच्या सर्वाधिकाऱ्यास यांपैकी कोणतेही वाचन-लेखनाचे बंधन अडवीत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्राच्या नियमांत नसून माणसाच्या विसराळूपणात आहे. नव्याचे नाव घालण्याची आठवण तो स्वतःच करून देतो. गेलेल्याचे नाव काढण्याची आठवण कोणी देत नाही. काम सोडून गेलेल्या परीक्षकाचे खाते चालू राहिले आणि गटातील नावही तसेच राहिले, तर प्रणाली त्याला इमानाने आत घेते. यादीतून नाव काढल्यावरही, आधीच आत बसलेल्याचा अधिकार सहसा तो बाहेर पडेपर्यंत टिकतो. कारण गटांची नोंद प्रवेशाच्या वेळीच त्याच्या कामास जोडलेली असते.

यंत्र केवळ यादी वाचते. ती खरी ठेवणे हे माणसाचेच काम आहे. कुलूप कितीही पक्के असले, तरी घर सोडून गेलेल्याच्या कमरेची किल्ली परत घेतल्यावाचून कोठी सुरक्षित होत नाही.