विटांत रुतलेली बोटं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर, नदीकाठच्या झाडीत जेरुसलेम ल्यूथरन चर्च उभं आहे. गावाचं नाव एबनेझर; म्हणजे गाव होतं तेव्हाचं. चर्चच्या लाल भिंती २१ इंच जाडीच्या. जवळ जाऊन हात फिरवला की काही विटांत बारीक खळगे लागतात. ते बोटांचे ठसे आहेत, आणि त्यातले काही इतके लहान, की पोराटोरांचेच असावेत.

ठसे उमटतात कसे, हे वीटभट्टी पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. ओली चिकणमाती साच्यात दाबायची, साचा उपडा करायचा, वीट जरा आवळली की उचलून उन्हात मांडायची. त्या उचलण्यात बोट रुतलं आणि कुणी ते पुसलं नाही, तर भट्टीतून ते पक्कं होऊनच निघतं. रोजची गोष्ट. पण हे ठसे १७६७ ते १७६९ च्या दरम्यानचे, आणि ते उमटवणाऱ्यांतल्या अनेकांचं कूळ आल्प्सच्या डोंगरातलं!

त्या डोंगरातलं साल्झबर्ग आज मोझार्टमुळे माहीत असतं. तिथे तेव्हा कॅथलिक आर्चबिशपच राजा असे. धर्मपीठ आणि गादी एकाच माणसाकडे. लिओपोल्ड फॉन फर्मियान या आर्चबिशपने ३१ ऑक्टोबर १७३१ ही तारीख घालून हुकूम काढला, की ल्यूथरपंथीयांनी मुलूख सोडावा. याच तारखेला १५१७ साली त्यांच्या पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने आपली मतं जाहीर केली होती. तारीख मुद्दाम निवडली असेल तर खोडी मोठी बेरकी म्हणायची. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांना ऐन थंडीच्या तोंडावर मुदत मिळाली आठ दिवसांची. सुमारे २०,००० माणसं बाहेर पडली. बहुतेकांना प्रशियाच्या राजाने ठाव दिला. एक छोटा जथा मात्र समुद्रापार निघाला आणि मार्च १७३४ मध्ये सव्हानाला उतरला.

एबनेझरची पहिली जागा दलदलीची निघाली. माणसं तापाने, हगवणीने गेली. १७३६ मध्ये वस्ती नदीकाठच्या उंच लाल दरडीवर हलवली. मग पिठाची गिरणी आली, अनाथाश्रम आला, रेशमासाठी तुती लावली गेली. धर्मगुरू योहान मार्टिन बोल्ट्सियस यांचा गुलामगिरीला कडवा विरोध. जॉर्जियात तेव्हा गुलाम ठेवायला बंदीच होती, आणि ती टिकावी म्हणून एबनेझरकरांनी १७३९ मध्ये अर्ज केला. पण १७५१ मध्ये बंदी उठली आणि पुढे याही वस्तीत गुलाम आले. चर्चच्या विटा पडल्या त्या यानंतर. म्हणून ठसे सगळे साल्झबर्गकरांचेच, असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही. मातीत बोटाचा आकार राहतो, बोटाचा मालक राहत नाही. बोल्ट्सियस स्वतः १७६५ मध्ये वारले. त्यांना ही इमारत पाहायलाच मिळाली नाही.

आता मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. बोल्ट्सियस आले होते जर्मनीतल्या हाले शहरातून. तिथल्या फ्रांके यांच्या संस्थेत अनाथाश्रम, शाळा, औषधशाळा आणि छापखाना असा मोठा कारभार होता. जॉर्जियाच्या रानातून अहवाल येत, उलट पुस्तकं, पैसे आणि औषधं जात. आणि याच संस्थेकडे तामिळनाडूतल्या तरंगंबाडीहूनही पत्रं येत! तिथलं ल्यूथरन मिशन १७०६ चं, हालेच्याच माणसांनी उभं केलेलं. त्याच परंपरेतले ख्रिश्चन फ्रिडरिश श्वार्ट्झ १७५० मध्ये भारतात आले आणि पुढे तंजावरच्या भोसले घराण्यातल्या सरफोजीराजांचे पालक झाले. हेच ते सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणारे सरफोजी. श्वार्ट्झ गेल्यावर राजांनी इंग्लंडचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतलं. त्यात मरणशय्येवरच्या गुरूजवळ स्वतः राजे दिसतात. म्हणजे एबनेझरच्या विटा आणि तंजावरचा संगमरवर या दोन्हींमागचे धागे हालेपर्यंत पोचतात.

एबनेझर मात्र टिकलं नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज फौजेने गाव घेतलं, चर्चचा दवाखाना केला, मग तबेला. शिखरावर ल्यूथरचं चिन्ह म्हणून वाऱ्याबरोबर फिरणारा धातूचा हंस आहे. त्यातलं भोक सैनिकाच्या गोळीचं, असं सांगतात. युद्धानंतर वस्ती उठत गेली, घरं नाहीशी झाली. चर्चमध्ये आजही रविवारची उपासना होते, आणि वंशजांनी १९२५ मध्ये स्थापलेली संस्था दरवर्षी मार्चमध्ये जहाज लागल्याचा दिवस पाळते.

हुकूम निघाला त्या साल्झबर्गच्या गादीनेही पुढे माफी मागितली. आर्चबिशप आंद्रेआस रोराखर यांनी ती मागितली १९६६ मध्ये. हकालपट्टीला तोवर २३५ वर्षं उलटली होती.