कानशींची निगा

पुष्कळदां कानस कामावर नव्हे, तर खणांत निकामी होते. तिचे दांते कठीण पोलादाचे, म्हणूनच ठिसूळ असतात. कोंबलेल्या कानशी एकमेकींवर घासल्या कीं ते बोथट होतात वा तुटतात. यास्तव भिंतीवर खांचांची लांकडी फळी बसवून प्रत्येकीस स्वतंत्र जागा द्यावी. चपट्या, अर्धगोल, गोल व त्रिकोणी यांच्या ओळी निराळ्या असाव्या. लोखंडावर फिरलेली कानस पितळेवर घसरते, म्हणून पितळेच्या कानशीच्या मुठीस रंगाची खूण करावी. ठेवण्यापूर्वीं तारेच्या ब्रशानें दांत्यांच्या ओळींतून कीस काढावा. जागा कोरडी असावी. गंज दांते खातो. बिनमुठीची कानस फळीवर ठेवूंच नये. घाईंत उचलली असतां तिचें टोंकदार शेपूट तळव्यांत शिरतें. आणि हात हेंच कारागिराचें खरें भांडवल होय.