सर्व्हरचा बॅकअप आणि एकाहून अधिक नेटवर्क कार्डे

प्रास्ताविक

प्रवेशाच्या नोंदी, अंतर्गत गुण, हजेरी, ग्रंथालयाची सूची आणि लेखा विभागाचे हिशेब हे सर्व आज महाविद्यालयाच्या सर्व्हरवर असते. हा सर्व्हर बंद पडला तर आधार राहतो तो केवळ बॅकअपचा. दिवसा बॅकअप घेतला तर कार्यालयाचे काम मंदावते, म्हणून तो रात्री घेतात. परंतु माहिती वाढत जाते तशी रात्र अपुरी पडू लागते. सकाळी कार्यालय उघडते तेव्हाही बॅकअप चालूच असतो आणि तो मध्येच थांबवावा लागतो. अशा अपुऱ्या बॅकअपवर ऐनवेळी विसंबता येत नाही. यावर उपाय म्हणून ‘आणखी एक नेटवर्क कार्ड बसवा, वेग दुप्पट होईल’ असा सल्ला अनेकदा दिला जातो. तो कोणत्या परिस्थितीत खरा ठरतो आणि कोणत्या नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम अडथळा शोधावा

आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे गिगाबिट कार्डाची कमाल क्षमता सेकंदाला १२५ मेगाबाइट होते. प्रत्यक्षात सुमारे ११० मेगाबाइट मिळतात. या वेगाने ५०० गिगाबाइट माहिती पाठविण्यास साधारण सव्वा तास लागतो. हीच माहिती १०० मेगाबिटच्या जुन्या स्विचमधून गेली, तर साडेबारा तास लागतात. तेव्हा एखाद्या संस्थेत बॅकअप रात्रभर पुरत नसेल, तर प्रथम स्विच आणि केबल तपासावी. गिगाबिटसाठी तांब्याच्या केबलमधील चारही जोड्या लागतात. एक जोडी तुटली तर कार्ड पुष्कळदा १०० मेगाबिटवर उतरते. काम चालू राहत असल्याने ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा अडथळा डिस्कचा. यूएसबी २.० ने जोडलेली डिस्क प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच लिहिते. तिच्यासाठी एक गिगाबिट कार्डसुद्धा जास्तच आहे. लाखो लहान फाइली असतील, तर प्रत्येक फाइल उघडण्यात व बंद करण्यातच वेळ जातो. अशा ठिकाणी नवे कार्ड बसवून काहीही साधत नाही. ‘आयपर्फ’ या मोफत साधनाने केवळ नेटवर्कचा वेग मोजता येतो. तो ११० च्या आसपास आणि बॅकअपचा वेग मात्र ३५ असेल, तर दोष नेटवर्कचा नाही हे उघड आहे.

दोन कार्डे, एक प्रवाह

नेटवर्क हाच अडथळा ठरला, तर दोन कार्डे एकत्र जोडता येतात. यास लिंक ॲग्रिगेशन म्हणतात. त्याचे ८०२.३एडी हे मानक २००० साली आले आणि २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली गेले. लिनक्समध्ये यास बाँडिंग म्हणतात, तर विंडोज सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून टीमिंगची सोय अंगभूत आहे.

मात्र या पद्धतीत एका जोडणीची सर्व पाकिटे एकाच तारेने जातात. कोणती जोडणी कोणत्या तारेवर जाईल, हे दोन्ही टोकांच्या पत्त्यांवरून ठरते. पाकिटांचा क्रम बिघडू नये हा त्यामागील हेतू. शुल्क भरण्याच्या दोन खिडक्या उघडल्या तर रांग लवकर सरकते. पण एका विद्यार्थ्याचा अर्ज तपासण्यास लागणारा वेळ तेवढाच राहतो. येथेही तसेच होते. एक सर्व्हर एका जोडणीने बॅकअप यंत्राकडे माहिती पाठवीत असेल, तर दुसरे कार्ड रिकामे राहते. उलट प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि कार्यालय अशा अनेक यंत्रांचा बॅकअप एकाच यंत्रावर एकाच वेळी येत असेल, तर त्या यंत्रातील दोन कार्डांचा खरा लाभ होतो.

लिनक्समधील ‘बॅलन्स-आरआर’ या प्रकारात पाकिटे आळीपाळीने दोन्ही तारांवर टाकली जातात. पण ती क्रम सोडून पोहोचली की टीसीपी त्यांना हरवलेली समजून पुन्हा मागविते. म्हणून वेग क्वचितच दुप्पट होतो.

उपयुक्त पर्याय

एकाच सर्व्हरच्या बॅकअपसाठी २०१२ साली आलेला एसएमबी ३.० अधिक सोयीचा आहे. त्यातील मल्टिचॅनल सुविधा एकाच कामासाठी दोन्ही कार्डांवर स्वतंत्र जोडण्या उघडते. त्यासाठी दोन्ही टोकांना दोन-दोन कार्डे हवीत. लिनक्सवरील सांबामध्ये ही सोय २०२१ च्या ४.१५ आवृत्तीपासून आपोआप चालू असते.

दुसरा पर्याय याहूनही साधा आहे. दुसरे कार्ड केवळ बॅकअपसाठी राखून ठेवावे, त्यास वेगळा सबनेट द्यावा आणि बॅकअप यंत्राशी थेट केबलने किंवा वेगळ्या स्विचने जोडावे. बॅकअपच्या आज्ञेत त्याच सबनेटमधील पत्ता द्यावा, अन्यथा माहिती जुन्याच वाटेने जाईल. यामुळे बॅकअपचा कमाल वेग वाढत नाही. पण तो सकाळपर्यंत लांबला तरी कार्यालयाच्या नेटवर्कवर त्याचा भार पडत नाही. तो मध्येच तोडण्याचे एक मोठे कारण त्यामुळे दूर होते.

समारोप

दुसरे कार्ड विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी मोजाव्यात : डिस्कचा वेग, नेटवर्कचा वेग आणि एका वेळी चालणाऱ्या प्रवाहांची संख्या. दररोज केवळ बदललेल्या फाइलींचा बॅकअप घेतला, तर पुष्कळ ठिकाणी नव्या कार्डाची गरजच उरत नाही. हीच मोजणी पदविका वर्गात प्रात्यक्षिक म्हणून घेता येईल. मेगाबिट आणि मेगाबाइट यांतील फरक विद्यार्थ्यांना त्यातून आपोआप उमगतो. आणखी एक गोष्ट वेळोवेळी करावी. बॅकअपमधील माहिती दुसऱ्या यंत्रावर परत आणून पाहावी आणि त्यास लागलेला वेळ टिपून ठेवावा. निकालाच्या आदल्या दिवशी सर्व्हर बंद पडला, तर काम किती तासांत पुन्हा सुरू होईल याचे उत्तर त्या नोंदीतच सापडते.