एकाच स्फटिकात वीज आणि चुंबकत्व

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी नांदेड-लातूरची महाविद्यालये जोडलेली आहेत. तिथल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांसाठी पेरोव्हस्काइट ऑक्साइड, म्हणजे एका विशिष्ट स्फटिकरचनेची ऑक्साइड संयुगे, हा अगदी योग्य विषय आहे, असे मला ठामपणे वाटते. त्यांपैकी बेरियम टायटनेटमध्ये टायटॅनियमचा आयन स्फटिकपेशीच्या केंद्रापासून किंचित सरकतो आणि विद्युत ध्रुवीयता येते; सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर ती नाहीशी होते. मात्र या सरकण्याला इलेक्ट्रॉनांच्या डी-कक्षा रिकाम्या लागतात आणि चुंबकत्वाला अर्धवट भरलेल्या, म्हणून दोन्ही गुण एकत्र क्वचितच नांदतात. बिस्मथ फेराइट या दुसऱ्या पेरोव्हस्काइटमध्ये मात्र ही कामे वाटली गेली आहेत: ध्रुवीयता बिस्मथची, चुंबकत्व लोहाचे. यावर आक्षेप असा, की त्यातून विद्युतप्रवाह झिरपतो आणि लोहाच्या अणूंची चुंबकत्वे एकमेकांना जवळपास रद्द करतात. आक्षेप खराच आहे. पण थोडे लँथॅनम मिसळले की दोन्ही दोष कमी होऊ शकतात. आणि प्रमाण बदलून, भट्टीत भाजून, पुन्हा मोजण्याचे हे चिकाटीचे काम साध्या प्रयोगशाळेतही उत्तम होते.