सफरचंदाचे गृहसंरक्षण : पाक, आम्लता आणि पथ्य

भाद्रपद-आश्विनात हिमाचल व काश्मीरची सफरचंदे बाजारात येतात आणि ती टिकवावीत कशी, असा प्रश्न रुग्ण आम्हांस विचारतात. भावप्रकाशात ‘सेव’ नावाने आलेले हे फळ मधुर, शीत, गुरू, बृंहण, वातपित्तशामक, परंतु कफकर आहे.

मुरांब्यात साखरेचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास गेले म्हणजे जंतूंच्या वाढीस पुरेसे पाणी उरत नाही. म्हणूनच मधुमेहींसाठी साखर निम्मी केलेला मुरांबा बाहेर टिकत नाही. त्यास बुरशी येते. साखरेऐवजी उष्ण पाकात मध घालणे तर चरकसंहितेने निषिद्ध मानले आहे.

अशा वेळी बिनसाखरेच्या बरणीबंद फोडी हा मार्ग आम्ही सुचवितो. सोललेल्या फोडी पाण्यात ५ मिनिटे उकळाव्यात. त्या पाण्यासह गरम असतानाच स्वच्छ, तापविलेल्या काचेच्या बरणीत अर्धा इंच जागा सोडून भराव्यात. हवाबंद झाकण लावून बरणी पूर्ण बुडेल अशा उकळत्या पाण्यात २० मिनिटे ठेवावी. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात पाणी कमी तापमानास उकळते. तेथे २५ मिनिटे द्यावीत.

येथे संरक्षण उष्णता व फळाची आम्लता करते. सफरचंदाचा सामू ४.६ हून कमी असल्याने बोटुलिनम हा विषकारी जंतू त्यात वाढत नाही. मटार, गाजर यांत ही आम्लता नाही; त्यांना हीच रीत लावल्यास प्राणावर बेतू शकते. रुग्णास कृती सांगताना ही मर्यादाही अवश्य सांगावी, आणि फळातील स्वाभाविक साखर मधुमेह्याने मोजावी.