चित्राआधीची भूमी

गौरी-गणपती जवळ आले की घरोघरी आराशीचे विचार सुरू होतात. कमळे, मोर, वेली छापलेले कागदी नॅपकिन आणावयाचे, त्यांवरील चित्र अलगद सुटे करून फळीवर चिकटवावयाचे आणि ती फळी मूर्तीच्या पाठीशी उभी करावयाची, ही हौस आता आराशीत शिरली आहे. आमच्या कीर्तनास येणाऱ्या भगिनींची याविषयी एकच तक्रार असते : "बुवा, कागदावर टवटवीत दिसणारे कमळ फळीवर कोमेजते."

याचे कारण फळीच्या भूमीत आहे. असा नॅपकिन बहुधा तीनपदरी असतो व छपाई केवळ वरच्या पदरावर असते. खालचे कोरे पदर सोलल्यावर उरतो तो पदर इतका विरळ, की डिंकाने भिजताच आरपार दिसू लागतो. मग लाकडाचा तपकिरी रंग पाकळ्यांतून डोकावतो. अंगणातील रांगोळीचा न्याय येथे उलटा होतो. रांगोळी पांढरी, म्हणून तिला शेणाने सारवलेली काळसर भूमी शोभते. या कागदाला शुभ्र भूमीच हवी.

विद्यारण्यस्वामींच्या 'पंचदशी'त 'चित्रदीप' नावाचे सहावे प्रकरण आहे. चित्रपटाच्या चार अवस्था तेथे सांगितल्या आहेत. धुतलेले वस्त्र ते धौत, खळ लावून घोटलेले ते घट्टित, शाईने रेखाटलेले ते लांछित आणि रंग भरलेले ते रंजित. चित्, अंतर्यामी, सूत्रात्मा व विराट् यांना हा दृष्टान्त लावला आहे. चारांपैकी दोन अवस्था पहिली रेघ उमटण्यापूर्वीच्या आहेत, हे आमच्या भगिनींनी ध्यानी घ्यावे.

फळी काचकागदाने घासावी. पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा, पुन्हा हलके घासून दुसरा हात द्यावा. मुलांचे पोस्टर रंग येथे नकोत. डिंकाच्या ओलाव्याने ते विरघळून चित्र मळवितात. अॅक्रिलिक रंग वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. चित्र जेथे बसेल तेवढी जागा शुभ्रच राखावी आणि सभोवती फिकट निळा वा केशरी रंग स्पंजाने टिपावा. चित्र कात्रीने कापू नये. कडेने ओला कुंचला फिरवून हाताने फाडावे, म्हणजे विसविशीत कड भूमीत मिसळून जाते. डिंक मध्यापासून कडेकडे लावीत न्यावा.

तोंड पुसावयाचा कागद देवापाशी कसा, असे काही वडीलधारी मंडळी विचारतात. आमच्या मते न वापरलेला कागद उच्छिष्ट नव्हे. केळीच्या पानावर आपण जेवतो आणि त्याच पानावर नैवेद्यही वाढतो. देवतांची चित्रे छापलेले नॅपकिन मात्र आम्ही निक्षून वर्ज्य सांगतो. फाडताना मुखाचे, हातांचे तुकडे होतात आणि ते केरात जातात. कमळ घ्या, मोर घ्या. देव मखरात आहेच.

फळी विसर्जनास नेऊ नये. अॅक्रिलिक हा प्लास्टिकच्या जातीचा रंग, तो नदीत विरत नाही. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ती माळ्यावर ठेवावी. पुढील भाद्रपदात तीच कामी येईल.