पुठ्ठ्याचे मोल

कामगार चळवळीत आम्ही वस्तूचे मोल श्रमावरून करीत आलो. ज्या वस्तूचे मोल श्रमाशी जुळतच नाही, अशी एक वस्तू आज तपासू : अमेरिकेतील बेसबॉल खेळाडूंची जुनी चित्रकार्डे. पूर्वी ती सिगारेटच्या पाकिटात आणि पुढे च्युइंगमच्या पुडीत मिळत. मग त्यांतले एखादेच अमोल का ठरते?

पहिले कारण, छपाई थांबणे. अमेरिकन टोबॅको कंपनीने 1909 ते 1911 या काळात काढलेल्या मालेत होनस वॅग्नर याचेही कार्ड होते. वॅग्नरने संमती नाकारली व छपाई थांबली. मुलांनी तंबाखू घेऊ नये म्हणून, असे काही म्हणतात. मोबदल्यासाठी, असे दुसरे. कसेही असो, बालपणी कोळशाच्या खाणीत राबलेल्या माणसाचा तो नकार होता. आज त्याच्या जेमतेम साठेक प्रती ठाऊक आहेत. 2022 साली एक 72 लाख 50 हजार डॉलरला गेली.

दुसरे कारण, नाश. टॉप्स कंपनीच्या 1952 च्या मालेचा शेवटचा भाग हंगाम सरताना आला आणि पडून राहिला. 1960 साली तो माल समुद्रात बुडविल्याचे कंपनीचे साय बर्गर सांगत. उरलेली कार्डे पोरांनी सायकलच्या आऱ्यांत खोचली. कोरी प्रत विरळाच.

पण नुसती टंचाई पुरत नाही. त्या भागात मिकी मँटलचे कार्ड इतर अनेकांहून जास्त छापले होते. तरी 2022 साली 1 कोटी 26 लाख डॉलर मिळाले ते त्यालाच. चाहते त्याचे अधिक! उलट 1990 च्या आसपास कार्डे अफाट छापली गेली, लोकांनी ती जपूनही ठेवली. आज त्यांतली बहुतेक कवडीमोल आहेत.

या लिलावांतून खेळाडूच्या हाती काय पडते? काहीच नाही. पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले मार्विन मिलर 1966 साली खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी खेळाडूंना टॉप्सच्या छायाचित्रांना उभे राहू नका, असे सांगितले. 1968 साली कंपनी नमली. वर्षाचे 125 डॉलर होते त्यांचे 250 झाले, वर विक्रीत वाटा मिळाला.

वॅग्नरच्या एकट्या नकाराने संग्राहक श्रीमंत झाले. सर्वांनी मिळून दिलेल्या नकाराचा पैसा खेळाडूंच्या घरी गेला.